लाल बुडाची आणि हिरव्या बुडाची

थर्मन,

हे पत्र तुला पोचणार नाही हे मला कळतं. मी जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेली बाई आहे. मेलेल्या माणसाला टपाल जात नाही. पण तुझ्याबद्दल लिहायला बसले की ‘तो’ म्हणवत नाही. जन्मभर जे बोलायचं ते तुझ्या तोंडावर बोलले, आता पाठीमागे कशाला बोलू? म्हणून तुलाच सांगते. तुला ठाऊक आहे तेही सांगते, कारण वाचणारे दुसरेच आहेत.

तर त्यांच्यासाठी: थर्मन एकलुंड हा माझ्या धाकट्या बहिणीचा, व्हर्नाचा नवरा. सीडर फॉर्कच्या लाकूडगिरणीत मशीन दुरुस्त करायचा. करवतीची पाती सरळ करायची, झिजलेला दांडा पुन्हा भरायचा, तुटलेलं चाक कातून द्यायचं. उंच, खांद्यात वाकलेला, बोलण्यात भयंकर कंजूष. पण सगळ्या खोऱ्यात तुला ओळखायचे ते गिरणीमुळे नाही, तुझ्या काडतुसामुळे.

बहुतेक माणसं दुकानात मिळेल ते काडतूस घेतात आणि शिकारीला जातात. काही जणांना ते पुरत नाही. ते दुसऱ्याच कुठल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी घेतात, तिची मान आखूड करतात, खांदा पुढे सारतात, पोट फुगवतात आणि कुठल्याही कंपनीच्या यादीत नसलेलं स्वतःचं काडतूस जन्माला घालतात. आमच्याकडे त्याला रानबोका म्हणतात. आईबाप असतात, कागद नसतात.

तुझा बोका चांगला जाडजूड होता. क्लिअरवॉटर नदीच्या वरच्या अंगाला झाडी अशी की एल्क, म्हणजे आमच्याकडचं थोरलं सांबर, समोर उभा राहिला तरी अर्धा दिसतो. जखमी होऊन तो दरीत उतरला तर त्याचं मांस वर आणता आणता माणूस आडवा होतो. तुला असं काडतूस हवं होतं की जनावर उभं असेल तिथेच त्याने बसावं. आफ्रिकेत हत्ती-गव्यांवर चालतात त्या काडतुसांच्या लांब, बुडाला कडं असलेल्या पुंगळ्या तू मागवल्यास आणि गॅरेजमध्ये जाऊन बसलास. व्हर्नाला वाटलं महिन्याभराचा छंद असेल. साचे तू स्वतः कातलेस. एक साचा बिघडला की काही न बोलता दुसरा लेथवर चढायचा. काडतूस जिथे बसतं ती बंदुकीची कोठी कापायचं हत्यारही तूच घडवलंस, आणि ते तेलाच्या फडक्यात गुंडाळून मोज्यांच्या खणात ठेवायचास.

पुंगळीचं पोट फुगवायची तुझी रीत मला कधीच पटली नाही. आत चिमूटभर बंदुकीची दारू, वर ठासून मक्याचं पीठ, तोंडाला मेणाचं बूच, आणि बंदूक आभाळाकडे धरून उडवायची. गोळी नसलेला तो बार झाला की पितळ कोठीच्या भिंतीला चिकटून तिच्या आकाराचं होऊन बाहेर यायचं. आणि सगळ्या गल्लीत करपलेल्या मक्याच्या पावाचा वास.

“माझं पीठ पुन्हा बंदुकीने खाल्लं,” व्हर्ना फोनवर सांगायची. “रात्री जेवायला ये मॅक्सीन, पण पाव मागू नकोस.”

आणखी एक काम होतं. दाबून-ताणून पितळ कडक होतं आणि मान तडकते. म्हणून पुंगळ्या पाण्याच्या परातीत उभ्या करायच्या, एकेकीच्या मानेला ज्योत दाखवायची, आणि पितळाचा रंग पालटला की तत्काळ आडवी पाडायची. क्षणभर उशीर झाला की मऊ पडून वाया. व्हर्ना शेजारी स्टुलावर बसून विणत असायची. विणता विणता नजर वर करायची आणि म्हणायची, “आता.” तू पुंगळी पाडायचास. चुर्र. “आता.” चुर्र. संध्याकाळभर तेच. गावातल्या बायका आपापल्या नवऱ्यांना टोमणे मारायच्या, बघा, एकलुंडची बायको कशी गॅरेजमध्ये जाऊन बसते. सगळ्यांना ते प्रेम वाटायचं. मलाही वाटायचं. होतंच म्हणा, पण निव्वळ प्रेम नव्हतं.

मग हार्लन क्वेल आला. गिरणीतला तुझा जोडीदार. तू जेवढा मुका, तेवढा तो बडबड्या. त्याच्याकडे आजोबांची एकबारी रायफल होती, नळी आतून झिजलेली.

“एकलुंड, हिची नळी मोठी कर आणि तुझा बोका हिच्यात बसव.”

“लोखंड जुनं आहे.”

“आजोबाही जुनेच होते. नव्वदीपर्यंत कुठे फुटले?”

“माझी दारू तिला झेपायची नाही, हार्लन.”

“मग कमी घाल. माझ्यासाठी वेगळी कर. माझ्या आजोबांच्या बंदुकीत तुझं काडतूस, याच्यापुढे मला काही नको.”

इथे तू चुकलास. मी तेव्हाही म्हटलं होतं, आताही म्हणते. एकाच मापाच्या काडतुसात एक जहाल आणि एक सौम्य अशी दोन भावंडं कोणी शहाणा माणूस करत नाही. बाहेरून दोघं सारखी. बुडावर ठोकलेलं नाव तर दोघांवरही मूळ पुंगळीचं, म्हणजे तसंही खोटंच. जहाल काडतूस चुकून आजोबांच्या बंदुकीत गेलं तर बंदूक हातात फुटणार. पण हार्लनने तुझ्या कामाचं असं कौतुक केलं होतं, आणि तुला कौतुकाची सवय नव्हती.

तोडगा व्हर्नाने काढला. काडतुसाच्या बुडाशी जी छोटी टोपी असते, जिच्यावर घोडा आपटतो, तिच्यावर तिने नखांना लावायचा रंग लावला. जहालला गडद लाल, नव्या मजबूत बंदुकांसाठी. सौम्यला गडद हिरवा, फक्त हार्लनसाठी. शिकारी खोकी घरीच टाकतात, काडतुसं चामड्याच्या थैलीत ओततात. जंगलात पाहायला उरतं ते बूड. ते एवढ्या वर्षांत सगळ्यांच्या बोटांत बसलं. लाल ते लाल, हिरवं ते हार्लनचं. रंग नेहमी व्हर्नाच लावायची. तुझ्या जाड बोटांना ते जमणार नाही, असं ती म्हणायची.

ती गेली त्या वसंतात तू बंद करशील असं मला वाटलं होतं. नाही केलंस. गिरणीतून घरी, घरातून गॅरेजमध्ये. तिच्या दोन बाटल्या फळीवर होत्या, एकीला पांढरं झाकण, दुसरीला काळं. उन्हाळ्यात दोन्ही वाळल्या. तू लुइस्टनला जाऊन औषधांच्या दुकानातल्या मुलीकडून एक लाल आणि एक हिरवी मागून आणलीस. नव्या बाटल्या, दोन्हींची झाकणं काळी. हे मला नंतर कळलं.

ऑक्टोबरात मी रानातल्या हकलबेरी भरून भाजलेली पेस्ट्री घेऊन आले. तू बाकावर वाकून बुडांना रंग लावत होतास, जीभ दातात धरून, शाळेतल्या पोरासारखा.

“कोणाची?” मी विचारलं.

“डॉइलची. उद्या न्यायला येतोय.”

“डॉइलची तर नवीकोरी बंदूक आहे. मग हिरवा का लावतोयस?”

“लाल आहे.”

“थर्मन, हिरवा आहे.”

तू बाटली वर धरलीस. मानेला दोरा बांधलेली बाटली. “ही लाल. दोरावाली लाल.”

“दोरा कोणी बांधला?”

“मी. तिने आधी लाल ठेवली, मग हिरवी. पिशवीत त्याच क्रमाने होत्या.” तू थांबलास. “असणार.”

मी तुझ्याकडे बघत राहिले. वाद घालशील असं वाटलं. तू ब्रश बाटलीत घातलास, झाकण घट्ट लावलंस आणि हात मांडीवर ठेवलेस.

“कधीपासून?” मी म्हटलं.

“जन्मापासून.”

मग तू एवढं बोललास, जेवढं मी तुझ्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. वडील रेल्वेत इंजिन चालवायचे. तुलाही तिथेच जायचं होतं. साहेबाने टेबलावर लोकरीच्या रंगीत लडी पसरल्या आणि म्हणाला, लाल उचल. तू खाकी उचललीस, मग हिरवी, मग परत खाकी. वडिलांनी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं की पोराच्या छातीत काहीतरी निघालं. छातीतला दोष त्यांना चालत होता. तू तेच धरून बसलास. सांगितलंस फक्त व्हर्नाला. म्हणून ते स्टूल, म्हणून ते “आता.”

“आणि रंगावर माणसांचे जीव ठेवलेस?”

“माझ्या नजरेवर नाही,” तू म्हणालास. “तिच्या.”

तेवढ्यात तुझी नजर फळीवर गेली. लुइस्टनहून आल्यापासून रंगवलेला सगळा माल तिथे होता, सगळाच उलटा. जहालच्या बुडाला हिरवा, सौम्यच्या बुडाला लाल. आणि हिरव्या बुडांची एक रांग रिकामी होती.

“हार्लन रविवारी येऊन गेला,” तू म्हणालास. “मी चर्चमध्ये होतो.”

तुझ्या गॅरेजला कुलूप नसायचं. हार्लन स्वतःच आत जायचा, आपली हिरवी उचलायचा, थैलीत टाकायचा. त्याने कधी खोक्यावरची चिठ्ठी वाचली नाही. कशाला वाचेल? हिरवं म्हणजे त्याचं.

मी त्याच्या घरी फोन लावला. त्याच्या बायकोने, बर्निसने, उचलला.

“गेला की तो. काल पहाटे, खेचरं घेऊन.”

“कुठे?”

“मला विचारतेस?” ती हसली. “त्याचा एल्कचा तळ त्याने मला कधी सांगितलाय? माझ्याशी लग्न केलंय, पण भरवसा खेचरांवर. त्यांनाच विचार.”

मी तिला सांगितलं. तिचं हसू थांबलं. मग म्हणाली, “मॅक्सीन, मला खरंच ठाऊक नाही गं.”

आमच्या माणसांची ही खोड बाहेरच्याला सांगून पटत नाही. ते तुम्हाला घराची किल्ली देतील, एल्कचा तळ सांगणार नाहीत. गाडी भलत्याच पायवाटेपाशी उभी करतील आणि उलट चालत जातील. आपण कॅफेत जाऊन एकेकाला विचारलं. प्रत्येकाने हार्लन कुठे नसतो ते सांगितलं. “माझ्या बाजूला नाही बुवा.” तुझी बाजू कुठली? त्यावर कॉफीत साखर घालायला सुरुवात. मी टेबलावर हात आपटून सांगितलं की एक माणूस मरेल. तेव्हा दोघांनी नाइलाजाने दोन डोंगरांची नावं घेतली. ते डोंगर एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत.

शेरिफच्या ऑफिसातला माणूस सभ्य होता. “बाई, एवढ्या जंगलात, आणि तो हरवलेलाही नाही. त्याला शोधायला काय सांगून माणसं काढू?” वनखात्याचा टेहळणीचा मनोरा हंगाम संपून बंद झालेला. विमानवाल्याने खिडकीतून बोट दाखवलं. ढग कड्यांच्या खाली उतरून बसले होते. सगळे चांगले बोलले. कोणालाच काही करता येत नव्हतं, आणि हेही ते चांगल्या शब्दांत सांगत होते.

दुसऱ्या दिवशी माझ्या गाडीतून आपण पायवाटा धुंडाळल्या. तिसऱ्या ठिकाणी हार्लनची गाडी आणि खेचरांचा ट्रेलर मिळाला. वाट ओढ्यापाशी फुटून दोन होते, हे मला पाटीवरून कळलं. त्याने गाडी तिथे लावलीय म्हणजे तो तिथून गेलाच असेल असंही नाही, हे तुझ्या तोंडावरून कळलं. तू गुडघा धरत ओढ्यापर्यंत गेलास. मी हाका मारत मागे. खुरांचे ठसे ओढ्यात उतरले होते आणि पलीकडे निघालेच नव्हते. खेचरं पाण्यातून चालवली होती लबाडाने. तू एका ओंडक्यावर बसलास. मी गाडीकडे परतून हॉर्न दाबत राहिले, जोवर बॅटरी संपायची भीती वाटली नाही तोवर.

मग बार ऐकू यायला लागले. हंगामच तो. लांबवर एक बारीक, कोरडा आवाज.

“माझा नाही,” तू म्हणालास.

थोड्या वेळाने आणखी एक.

“नाही.”

मी थर्मासमधून कॉफी ओतली. तू कप धरलास आणि प्यायला नाहीस. ऊन गेलं, गारठा आला. मी म्हणत होते की कदाचित त्याला एल्क दिसणारच नाही, गेल्या वर्षी कुठे दिसला होता. तू ऐकत होतास ते मला नाही.

मग एक आवाज आला, जाड, खालच्या सुरातला, दरीत बराच वेळ लोळत राहिलेला. मलासुद्धा ओळखता आला. तुझ्या अंगणात मी तो किती वेळा ऐकलाय.

“तो माझा,” तू म्हणालास.

“नीट सुटला का?”

“इथून कळत नाही.” तू उठून उभा राहिलास. “दुसरा येईल. एल्क पडला तरी हार्लन दुसरा घालतो. नेहमी घालतो.”

आपण उभे राहिलो. दुसरा आला नाही.

आवाज कुठल्या अंगाने आला ते तुला सांगता आलं नाही, मला तर नाहीच. दरी आवाज चारी बाजूंनी परत देते. तू एका वाटेने निघालास, मी तुला ओढून आणलं, मग तू दुसरीने निघालास. अंधार पडल्यावर तू माझं ऐकलंस. गाडीत बसलास तेव्हा तुझे हात कप धरल्यासारखे तसेच होते आणि कप ओंडक्यावर राहिला होता.

आता शेरिफला सांगायला काहीतरी होतं, म्हणून सकाळी घोडेवाले निघाले. ते ओढा ओलांडतात तोच हार्लन समोरून आला, खेचरावर बसून, लगाम उजव्या हातात. डावा हात शर्टात गुंडाळलेला, चेहरा दारूच्या धुराने काळा, एक डोळा मिटलेला. त्याने तुला बघितलं.

“एकलुंड,” तो म्हणाला, “आजोबा फुटले बरं का शेवटी.”

घोडेवाल्यांतला एकजण हसला. तू नाही हसलास. तू पुढे होऊन खेचराची मान धरलीस आणि तशीच धरून राहिलास.

डाव्या हाताची दोन बोटं गेली. उजव्या डोळ्याला उजेड-अंधार तेवढा उरला. इस्पितळात तू त्याच्या खाटेपाशी उभ्या उभ्या सगळं सांगितलंस, लोकरीच्या लडींपासून. बर्निस खिडकीकडे तोंड करून ऐकत होती.

“म्हणून तू मला विचारायचास,” हार्लन म्हणाला, “की सफरचंद पिकलंय का.”

“हो.”

“मला वाटायचं, तू मला मान देतोस.”

“रंग मी लावला, हार्लन.”

“उचलली मी. तू दिली नाहीस. आणि खेचरं पाण्यातून कोणी नेली, तू?”

त्याने तुला शिव्या घालायला हव्या होत्या. बर्निसने तरी. तुला ते सोसलं असतं. ती नुसती म्हणाली, “बस थर्मन, कॉफी आणते,” आणि तू बसलास.

त्या महिन्यात तू फळीवरचं प्रत्येक काडतूस उघडून रिकामं केलंस. साचे तेलात बुडवून कॉफीच्या डब्यात घातलेस. डॉइल आला, मग बाकीचे आले. तुझ्याच हाताने कोठी कापलेल्या बंदुका त्यांच्याकडे, आणि त्यांत घालायला जगात कुठेच काही मिळत नाही. डॉइल म्हणाला, “एकलुंड, आता मी हिचं काय करू, पडदे अडकवू?” तू नाही म्हणालास. सगळ्यांना एकच शब्द. मी म्हटलं, खाचा पाड कानशीने, पेनाने आकडे लिही. तू म्हणालास, खूण बदलली की पुन्हा कोणीतरी चुकेल. मी म्हटलं, मग रंग मी लावते.

“ती तिची जागा आहे.”

“स्टूल आहे ते, थर्मन. चर्च नाही.”

मी पुढे विषय काढला नाही. तुझ्याशी बोलणं म्हणजे बंद गिरणीत ऑर्डर देण्यासारखं.

जानेवारीत हार्लन तुझ्याकडे आला, नवी बंदूक घेऊन. डाव्या खांद्यावरून, डाव्या डोळ्याने नेम धरायला शिकला होता. बाटल्या फोडून दाखवल्या म्हणे. म्हणाला, तुझ्या बोक्याच्या मापाची कोठी काप आणि लाल दे. हिरव्याची भानगड आता संपली. त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. तू स्वतःहून केलेला फोन, म्हणून मी आधी घाबरले.

“प्रोफेसरीणबाई, लुइस्टनला कधी जाणार?”

“पुढच्या आठवड्यात. दाढ काढायचीय.”

“एक लाल बाटली आण. झाकण कुठलंही चालेल.”

“एकच?”

“एकच.” मी फोन ठेवणार तेवढ्यात पुढे म्हणालास, “आणि आलीस की जरा बसशील का. स्टुलावर. पितळ तापवायचंय.”

“बसेन,” मी म्हटलं. “पण विणणार नाही.”

“नको विणूस.”

मग पाऊस-बर्फ एकदम झालं आणि नदीकडेचा सगळा कडा लुइस्टनच्या रस्त्यावर आला. तो उपसून रस्ता खुला व्हायला फेब्रुवारी सरला. तोवर तुझ्या छातीत खरोखरच काहीतरी निघालं होतं, आणि गिरणीच्या मागच्या दारापाशी तू बसलास तो उठला नाहीस.

हार्लन मला कॅफेत भेटतो. नवी बंदूक घरात भिंतीला टेकून आहे, कोठी न कापलेली. तो काही मागत नाही. दाढ माझी अजून दुखते, मी ती काढलेली नाही. लुइस्टनला गेलेच नाही. बाटली आणायची राहिलीय.